टायर इन्फ्लेटर, बरेच महिने वापरल्यावर: पंप चांगला, नळीचं टोक डोकं उठवणारं

गाडीच्या १२ व्होल्ट सॉकेटवर चालणारा, डिजिटल मीटरचा, ठरवलेल्या दाबाला आपोआप बंद होणारा पंप कसा असतो हे बहुतेकांना माहीत आहे, म्हणून खोक्यावरचा मजकूर पुन्हा लिहीत नाही. लिहायला घेतलं कारण पंप चालता चालता बंद पडला आणि सर्व्हिस सेंटरने न उघडताच ‘मोटर गेली, नवीन घ्या’ असं सांगितलं. मोटर ठणठणीत होती. प्लगच्या टोकाची गोल टोपी हाताने फिरवून काढली की आत स्प्रिंग, धातूची पिन आणि काचेचा फ्यूज असतो. उडाला होता तो फ्यूज. साधारण १५ अँपिअरचा असतो. काचेच्या कडेच्या धातूवर आकडा कोरलेला दिसतो. तेवढ्याच अँपिअरचा घालायचा, जास्तीचा घातला तर फ्यूजऐवजी वायर तापते. टोपी काढताना स्प्रिंग उडते, तेव्हा बोट धरून ठेवा. फ्यूज बदलूनही पंप मुका राहिला तर त्याच सॉकेटमध्ये फोनचा चार्जर लावून पाहा. चार्जरही चालत नसेल तर बहुधा गाडीच्या फ्यूज बॉक्समधला सॉकेटचा फ्यूज उडालेला असतो. एवढी तपासणी न करता पंप भंगारात काढायला सांगणं हा निव्वळ कामचुकारपणा आहे.

आता मुख्य तक्रार. नळीच्या टोकाला आट्यांचा पितळी कनेक्टर आहे, व्हॉल्ववर फिरवून बसवायचा. बसवताना फारसा त्रास नाही. काढताना मात्र दर वेळी फुस्स. आतली पिन व्हॉल्वचा गाभा (टायरमधली हवा अडवणारा आतला भाग) दाबून धरते आणि रबरी वॉशर हवा अडवतो. कनेक्टर उलटा फिरवला की वॉशर आधी सुटतो, पिन मात्र अजून दाबलेलीच असते. उरलेले आटे निघेपर्यंत टायरमधली हवा बाहेर. सावकाश काढलं तर १-२ पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) सहज जातात. भराभर काढावं म्हटलं तर हवा दाबली गेल्यामुळे पितळ इतकं तापलेलं असतं की बोटं ठेववत नाहीत. जाड फडकं हातात घेऊनच काढावं लागतं.

सुरुवातीला माझं मत होतं की मीटरच चुकीचा आहे. पंप ३३ ला थांबायचा आणि वेगळ्या गेजवर ३१ दिसायचे. नीट तपासल्यावर ते मत बदललं. मीटरचा दोष नाही. या फरकाचा एक भाग कनेक्टर काढताना जातो आणि दुसरा भाग पंप चालू असताना मीटर दाखवतो त्या आकड्यात असतो. हवा व्हॉल्वच्या अरुंद तोंडातून ढकलली जात असताना नळीतला दाब टायरपेक्षा जास्त असतो, म्हणून पंप थांबला की आकडा थोडा खाली बसतो. खरा आकडा तोच. तेव्हा जेवढा दाब पाहिजे त्यापेक्षा २ पीएसआय वर सेट करायचं, कनेक्टर एका दमात काढायचा आणि शेवटी वेगळ्या गेजने मोजायचं. जास्त झाली तर व्हॉल्वची पिन क्षणभर दाबून सोडता येते. कमी पडली तर सगळी कसरत पुन्हा. दुसऱ्यांदा घ्यायचा झाला तर खटका दाबून बसणारं टोक असलेलाच घेईन, मीटर कसलाही असो. खटक्याचं रबर कालांतराने सैल पडतं, पण ते बदलता येतं.

टायर गार असतानाच मोजा. निदान ३ तास गाडी उभी असावी. चालवून आल्यावर दाब ३-५ पीएसआय वाढलेला असतो. तो पाहून हवा सोडली तर गार झाल्यावर टायर कमी दाबावर येतो, कडा झिजतात आणि इंधन जास्त लागतं. योग्य दाब चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या किंवा इंधनाच्या झाकणामागच्या स्टिकरवर असतो. टायरवर कोरलेला आकडा ही कमाल मर्यादा आहे, भरायचा दाब नव्हे. यात अजूनही फार जण फसतात.

धड टायरमधूनही महिन्याला १-२ पीएसआय जातात. चारपैकी एकच टायर दर वेळी मागे पडत असेल तर आधी व्हॉल्वच्या तोंडावर साबणाचं पाणी सोडा. बुडबुडा फुगत राहिला तर गाभा सैल आहे. व्हॉल्वच्या छोट्या चावीने हलक्या हाताने पिळून बसतो, जोर लावला तर त्याचं सील दबतं. तिथे काही नसेल तर रिमची कडा आणि खिळा शोधा. व्हॉल्वची टोपी लावायला विसरू नका, धूळ आत गेली की गाभा नीट मिटत नाही.

इंजिन चालू ठेवूनच पंप चालवा, पण बंद जागेत नको. पंप १० अँपिअरच्या वर खेचतो आणि बॅटरी थकलेली असेल तर गाडी परत सुरू होत नाही. बहुतेक पंपांना सलग १० ते १५ मिनिटांनंतर विश्रांती लागते, नेमका वेळ पुस्तिकेत असतो. ३-४ पीएसआय भरायला तो वेळ भरपूर आहे. रिमवरून पूर्ण सुटलेला ट्यूबलेस टायर मात्र या पंपाने बसत नाही, हवेचा लोट तेवढा नसतो.

डिकीतलं बारीक स्पेअर चाक बहुतेक वेळा ६० पीएसआय, म्हणजे ४.२ बार मागतं. आधीच्या सेटिंगवर पंप ३५ ला थांबतो आणि काम झालं असं वाटतं. चाकावरचा आकडा वाचून सेटिंग बदला. ६० पर्यंत जायला पंपाला बराच वेळ लागतो, मध्ये एकदा तरी त्याला गार होऊ द्या.