निळा उजेड आणि माझे साडेएकवीस हजार

ज्या निळ्या उजेडाला घाबरून मी साडेएकवीस हजार रुपये घालवले, तो बिघाड नव्हताच. ट्यूबचा गिटार अॅम्प्लिफायर वापरणाऱ्या एकाही माणसाला अशा रीतीने पुन्हा कुणी लुबाडू नये, म्हणून सगळं लिहितोय.

मी धुळ्यात राहतो आणि लग्नसराईत ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो. तीन सीझनचे पैसे साठवून एक जुना पंधरा वॅटचा ट्यूब अॅम्प घेतला होता. ट्यूब म्हणजे जुन्या रेडिओत असायचे तसले काचेचे व्हॉल्व्ह. माझ्या अॅम्पमध्ये पुढच्या टप्प्यात, गिटारचा बारीक सिग्नल वाढवायला, तीन १२एएक्स७ आणि मागे, स्पीकरला ताकद द्यायला, दोन ईएल८४ ट्यूब आहेत. मार्चमध्ये शिरपूरकडे एका हळदीच्या कार्यक्रमात तो खरखरायला लागला. आवाज मध्येच बसायचा, वरून थाप मारली की परत यायचा. थाप मारून आवाज परत येतो, म्हणजे कुठेतरी संपर्क सैल झालाय, इतकं साधं लक्षण होतं ते. तेव्हा मला ते कळलं नाही.

घरी येऊन रात्री दिवा बंद करून मागून पाहिलं. ट्यूबच्या मधोमध नारिंगी तार तापलेली, ती तर नेहमीचीच. पण दोन्ही ईएल८४च्या काचेला आतून निळसर झाक होती आणि गिटारची तार छेडली की ती झाक हलायची. मी घाबरलो. मोठ्या शहरातल्या एका दुरुस्तीवाल्याचा नंबर मित्राकडून मिळाला होता, त्याला फोन केला. माझ्या तोंडून ‘निळा उजेड’ हे शब्द ऐकले आणि तो क्षणभर थांबला. मग म्हणाला, ‘दादा, ट्यूब गॅस झाली. आता चालूसुद्धा करू नका, नाहीतर ट्रान्सफॉर्मर जाईल.’ मला यातलं काही कळत नाही, हे त्याला त्या एका प्रश्नावरूनच समजलं असणार.

खरी गोष्ट अशी आहे. ईएल८४सारख्या पॉवर ट्यूबमध्ये काही इलेक्ट्रॉन प्लेटला, म्हणजे आतल्या पत्र्याला, चुकवून थेट काचेवर आदळतात आणि काच तिथे निळी चमकते. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, चांगल्या ट्यूबमध्येही ते दिसतं. काळजी करायची ती ट्यूबच्या आत, पत्र्यांच्या मधल्या जागेत, जांभळट-गुलाबी धुकं भरलं तर; ट्यूब ‘गॅस झाली’ म्हणतात ते हे. काचेच्या शेंड्यावरचा चंदेरी मुलामा दुधासारखा पांढरा पडला, तर आत हवा शिरली आणि ट्यूब संपली. आणि करड्या रंगाची प्लेट लाल व्हायला लागली, तर त्याच क्षणी स्विच बंद करायचा.

अॅम्प ट्रॅव्हल्सच्या गाडीत पार्सल टाकून पाठवला. ट्यूब आतच होत्या, आणि त्यांचा एकही फोटो मी काढला नव्हता. दोन दिवसांनी फोन आला: पाचही ट्यूब गेल्या, साडेसहा हजार पाठवा. पाठवले. मग आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या, म्हणजे ट्यूबचा आवाज स्पीकरला पोचवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरच्या, काळ्या पडलेल्या गुंडाळीचा फोटो आला आणि त्यासोबत नऊ हजारांचा आकडा. तेही पाठवले. शेवटी म्हणे, नव्या ट्रान्सफॉर्मरला साध्या ट्यूब चालणार नाहीत, इंग्लंडमधल्या मलार्ड कंपनीच्या जुन्या, न वापरलेल्या टाकाव्या लागतील, आणखी सहा हजार. अॅम्प त्याच्या ताब्यात होता आणि एप्रिलच्या सगळ्या तारखा मी घेऊन बसलो होतो. बिल मागितलं तर ‘मालासोबत येईल’ म्हणाला. ते कधीच आलं नाही.

अॅम्प आला आणि पंधरा दिवस चालला. मग पारोळ्याच्या एका कार्यक्रमात तीच खरखर, तोच बसणारा आवाज. मागे वाकून पाहिलं तर एका ईएल८४ची प्लेट लाल होत होती. स्विच बंद केला आणि उरलेला कार्यक्रम ऑर्गनवाल्याच्या मिक्सरमधून वाजवला.

आमच्या ढोलकीवाल्याने अमळनेरच्या एका नानांचं नाव सांगितलं. व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेली. ईएल८४ त्यांना रेडिओपासूनच ओळखीची, बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या ट्यूब त्यांनी डझनांनी बदललेल्या. गिटारचा अॅम्प मात्र त्यांनी पहिल्यांदाच उघडला.

आधी त्यांनी वायर भिंतीतून काढली आणि तरीही आत हात घातला नाही. मोठ्या कपॅसिटरवर मीटर लावला. वायर काढलेली असूनही काटा ३०० व्होल्टच्या जवळ होता. दोन्ही टोकांना चिमटे असलेला एक जाड रेझिस्टर तिथे जोडून काटा शून्यावर येईपर्यंत ते गप्प बसून राहिले. हे मी मुद्दाम लिहितोय. माझ्यासारखा कुणी चिडून घरीच पेचकस घेऊन बसेल, तर हा साठलेला करंट जीव घेऊ शकतो. स्पीकरची वायर काढून ट्यूब अॅम्प चालवायचा नाही, हेही त्यांनी बजावलं. ट्रान्सफॉर्मर खरोखर जळतो तो असल्या चुकीने.

मग ट्रान्सफॉर्मरकडे बोट दाखवून म्हणाले, ‘कोनी सांगं तुले, हाऊ जळेल शे? हाऊ ते कोनी खोलेलच नही.’ नटांवर कारखान्यात लावलेला रंगाचा ठिपका न तुटता तसाच होता. तारा जोडणारे कथलाचे डाग मूळचेच होते, कडेला जुनी धूळ बसलेली. नऊ हजार कशाचे घेतले? फोटोतला ट्रान्सफॉर्मर चार बोल्टचा होता, माझा दोन बोल्टचा आहे. तो फोटो माझ्या मोबाइलमध्ये महिनाभर पडून होता.

नंतर ट्यूब. नानांनी एक ईएल८४ हातात घेतली, काचेवर तोंडाने वाफ सोडली आणि अंगठ्याने पुसली. ‘मेड इन ग्रेट ब्रिटन’ ही अक्षरं पुसली जाऊन माझ्या रुमालावर आली. जुन्या मलार्डच्या काचेवर खाली, पिनांच्या जवळ, फिकट करड्या रंगात कोरलेला कोड असतो आणि तो चोळून जात नाही. मलार्डच्या इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्नच्या कारखान्यात बनलेली असेल तर त्याची दुसरी ओळ बी अक्षराने सुरू होते. इथे तसलं काहीच नव्हतं. पिना खरवडलेल्या, मुलाम्याच्या कडा तपकिरी पडलेल्या. म्हणजे कुणाच्या तरी वापरून टाकलेल्या ट्यूब नवा छाप मारून मला विकल्या होत्या, आणि माझ्या चांगल्या ट्यूब तिकडेच राहिल्या.

मीटर लावला तेव्हा एका ईएल८४मधून ४८ मिलिअँपिअर जात होते, दुसरीतून १९. प्लेटवर ३२० व्होल्ट होते, म्हणजे पहिलीच्या प्लेटवर पंधरा वॅटच्या वर भार. ईएल८४ची प्लेट बारा वॅट सोसते. लाल होणारच. दोन्ही ट्यूब जुळवलेल्या, म्हणजे सारखाच करंट ओढणाऱ्या, का हव्यात, ते मला त्या आकड्यांवरून कळलं.

मूळ बिघाड? नानांनी अॅम्प चालू करून लाकडी पेन्सिलच्या मागच्या टोकाने ट्यूब एकेक करून हलकेच ठोकल्या. पहिल्या १२एएक्स७ला पेन्सिल लागताच खर्रर्र. तीच ट्यूब दुसऱ्या सॉकेटमध्ये घातली तर गप्प, आणि पहिल्या सॉकेटमध्ये दुसरी घातली तरी खर्रर्र. दोष सॉकेटमध्ये होता. करंट उतरवून त्यांनी सॉकेटच्या पकडी सुईने आवळल्या, क्लीनर मारला, खाली तडकलेला एक डाग पुन्हा दिला. चारशे रुपये घेतले.

त्या मोठ्या शहरातल्या दुरुस्तीवाल्याला फोन केला तर म्हणाला, ‘तुमच्या खान्देशात लाइट कमीजास्त होते, व्होल्टेजनेच ट्यूब गेल्या.’ नानांनी आधीच मोजून ठेवलं होतं: घरात २३८ व्होल्ट आणि ट्यूबच्या फिलामेंटला, म्हणजे आतल्या तापणाऱ्या तारेला, साडेसहा. तिथे ६.३ लागतात, इतक्या फरकाने काही होत नाही. हे सांगितल्यावर त्याने फोन ठेवला. आता उचलत नाही.

२०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार मी राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, दोन वर्षांच्या आत, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. सल्ल्यासाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. बिल नसल्याने माझी बाजू लंगडी आहे, पण पैसे पाठवल्याच्या तीन नोंदी आणि तो फोटो माझ्याकडे आहे. अॅम्प दुरुस्तीला देताना प्रत्येक ट्यूबचा, ट्रान्सफॉर्मरचा आणि स्पीकरच्या मागच्या नंबराचा फोटो काढा. काढलेला प्रत्येक पार्ट परत मिळेल, हे मेसेजमध्ये लिहून घ्या आणि मगच पैसे सोडा. खरा कारागीर यावर रागावत नाही. नानांनी तडकलेल्या डागाचा काढलेला कथीलसुद्धा कागदावर ठेवून मला दाखवला होता.

नवी जुळवलेली जोडी मागवली, ती पाच हजारांच्या आत आली. त्या खोट्या छापाच्या दोन ट्यूब मी रुमालासकट प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवल्यात. रुमालावर ‘ब्रिटन’ उलटं उमटलंय, अजून वाचता येतं. सोमवारी तक्रारीसोबत ती पिशवी घेऊन जाणार आहे.