‘नो कंट्री फॉर ओल्ड मेन’: आधी सिनेमा बघावा की कादंबरी वाचावी?

कोएन या अमेरिकी दिग्दर्शक बंधूंचा हा सिनेमा ज्यांना आवडला नाही, त्यांची तक्रार बहुतेक वेळा एकच असते: शेवट. पावणेदोन तास जीव मुठीत धरून बसायला लावलं, आणि मग एक थकलेला शेरीफ घरी टेबलाशी बसून बायकोला रात्री पडलेली दोन स्वप्नं सांगतो. पडदा काळा. खुनी सापडला का, पैशांचं काय झालं, पत्ता नाही. गंमत म्हणजे ज्यांना सिनेमा आवडला, त्यांना नेमका हाच शेवट सगळ्यात जास्त आवडलेला असतो. नोव्हेंबर २००७मध्ये तो अमेरिकेत लागला तेव्हापासून हा वाद चालू आहे. पुढच्या फेब्रुवारीत त्याला चार ऑस्कर मिळाली (उत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शन, रूपांतरित पटकथा आणि हाविएर बार्देमला सहायक अभिनेत्याचं), तरी वाद मिटला नाही.

ज्यांनी यातलं अजून काहीच पाहिलं-वाचलेलं नाही, त्यांच्यापुढे निवड अशी आहे: १२२ मिनिटांचा सिनेमा आधी, की कॉरमॅक मॅकार्थी यांची २००५ची तीनेकशे पानांची कादंबरी आधी? माझं मत आधीच सांगून टाकतो. बहुतेकांनी सिनेमा आधी बघावा. पण गोष्ट नीट संपली नाही तर ज्यांची चिडचिड दोन दिवस टिकते, त्यांनी उलट्या क्रमाने जावं.

गोष्ट थोडक्यात. साल १९८०, टेक्ससचा मेक्सिकोला लागून असलेला ओसाड पट्टा. लुएलिन मॉस हा व्हिएतनाममध्ये लढून आलेला वेल्डर. शिकारीला गेलेला असताना तो माळावर अशा जागी पोचतो जिथे अमली पदार्थांचा सौदा फिसकटून सगळेच एकमेकांच्या गोळ्यांनी मेलेत. ट्रक, प्रेतं, माल आणि वीसेक लाख डॉलर भरलेली बॅग. बॅग तो उचलतो. मग त्याच्या मागे अँटन शिगर हा थंड डोक्याचा खुनी (बार्देम) लागतो, आणि या दोघांच्या मागे, कायम एक पाऊल उशिरा, शेरीफ एड टॉम बेल. मॅकार्थींनी हे मुळात पटकथा म्हणूनच लिहायला घेतलं होतं. त्यामुळे कोएन बंधूंना फार तोडमोड करावी लागली नाही. संवाद तर पानंच्या पानं जसेच्या तसे उचललेत. म्हणून फरक कथानकात शोधण्यापेक्षा काय गाळलं ते बघावं.

पण त्याआधी हिंसेबद्दल, कारण घरी बघायचा तर पहिला प्रश्न तोच येतो. मुलं जागी असताना लावू नका. सुरुवातीच्या काही मिनिटांतच शिगर हातकड्यांच्या साखळीने एका पोलिसाचा गळा आवळतो, आणि कॅमेरा नंतर जमिनीवर उमटलेले बुटांच्या घासण्याचे काळे ओरखडे दाखवतो. झटापट किती वेळ चालली ते त्या ओरखड्यांवरूनच कळतं. शिगरचं हत्यारही साधी बंदूक नव्हे. कत्तलखान्यात गुरांच्या कपाळाला लावतात ते हवेच्या दाबावर चालणारं यंत्र तो सिलिंडरसकट घेऊन फिरतो. त्याने माणूस मरतो आणि दाराचं कुलूपही उडतं.

तरीही प्रेक्षकांच्या लक्षात सगळ्यात खोल रुतलेला प्रसंग कोणता विचाराल, तर बहुतेक जण पेट्रोल पंपाचा सांगतील. त्यात रक्ताचा थेंब नाही. पंपावरचा म्हातारा सहज काहीतरी गप्पा मारतो, शिगरला ते खटकतं, आणि तो एक नाणं उडवून काउंटरवर हाताखाली झाकतो. सांग, छापा की काटा? कशासाठी, ते म्हाताऱ्याला कळत नाही, आपल्याला कळतं. शिगरने चुरगळून काउंटरवर टाकलेला रॅपर हळूहळू, कुरकुर आवाज करत, आपोआप उलगडत जातो आणि आपण त्या कागदाकडे बघत बसतो. पार्श्वसंगीत नाही. कार्टर बरवेल यांनी अख्ख्या सिनेमाला दिलेलं संगीत १६ मिनिटांच्या आसपास आहे, आणि त्यातलं बरंचसं शेवटच्या श्रेयनामावलीत जातं. कादंबरीतही हा प्रसंग उत्तम आहे, संवाद जवळपास तेच आहेत, पण तो कागद ऐकू येत नाही. निव्वळ ताण अनुभवायचा असेल तर पडद्याला तोड नाही. हॉटेलातल्या अंधाऱ्या खोलीत मॉस दाराखालच्या फटीतून येणारा उजेड बघत बसलेला असतो, तो प्रसंगही असाच. हेडफोन लावून बघा, आणि उपशीर्षकं चालू ठेवा. टेक्ससी उच्चार भल्याभल्यांना चकवतात.

नाणं म्हटलं की आपल्याला ‘शोले’तला जय आठवणारच. पण तिथे दोन्ही बाजू सारख्याच होत्या आणि पेच दोस्तीचा होता. शिगरचं नाणं खरं आहे, म्हणूनच भीती वाटते. हा माणूस म्हणजे साक्षात मृत्यूच, हाडामांसाचा नव्हेच, असं म्हणणारे प्रेक्षक पुष्कळ. उलट, बेल्जियमच्या मानसोपचारतज्ज्ञांनी ४०० चित्रपटांतली मनोविकृत पात्रं तपासून २०१४ साली निबंध प्रसिद्ध केला, त्यात वास्तवाला धरून असलेल्या पात्रांत शिगरचं नाव वर होतं. सगळ्यांनीच मात्र त्याला डोक्यावर घेतलं नाही. शिकागोचे समीक्षक जोनाथन रोझेनबॉम यांनी तेव्हाच नाराजीने लिहिलं होतं की असल्या मनोविकृत खुन्यांचं आपल्याला एवढं आकर्षण का असावं. सिनेमा कितीही आवडला तरी हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही.

आता पुढच्या तीन परिच्छेदांत गोष्ट फुटते. चालत नसेल तर थेट कादंबरीच्या भाषेवर जा.

प्रेक्षकांचा सगळ्यात मोठा राग मॉसच्या मरणाचा आहे. ज्याच्याबरोबर आपण दीड तास पळालो, तो कधी मेला तेही दाखवत नाहीत. बेल मोटेलवर पोचतो, गोळीबार होऊन गेलेला असतो, दारात प्रेत. ‘दिग्दर्शकांनी फसवलं’ असं म्हणणाऱ्यांना कल्पना नसते की हे मुळात मॅकार्थींचंच काम. कादंबरीतही मॉस आपल्या डोळ्यांसमोर मरत नाही. काय घडलं ते बेलला दुसऱ्याच्या तोंडून कळतं. पण कादंबरीच्या वाचकाला धक्का कमी बसतो, कारण प्रत्येक प्रकरण बेलच्या स्वगताने सुरू होतं. ही गोष्ट म्हाताऱ्याची आहे, तरण्या वेल्डरची नव्हे, हे पहिल्या पानापासून समोर असतं. सिनेमात बेल झालेल्या टॉमी ली जोन्सचा (तो स्वतः टेक्ससचाच) आवाज सुरुवातीला येतो आणि मग गप्प होतो. तेवढ्यात आपण मॉसला नायक ठरवून मोकळे होतो.

गाळलेल्या गोष्टींत मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती बेलची जुनी जखम. दुसऱ्या महायुद्धात तो आपल्या सहकाऱ्यांना मागे टाकून जीव वाचवून निघाला आणि वर त्याच प्रसंगासाठी त्याला पदक मिळालं. कादंबरीत तो हे आपल्या काकाजवळ कबूल करतो. काकाची भेट सिनेमातही आहे, पण हे कबुलीचं ओझं नाही. त्यामुळे सिनेमातला बेल काळापुढे हरलेला सज्जन वाटतो. कादंबरीतला बेल स्वतःच्या नजरेत आधीच उतरलेला आहे आणि दुसऱ्यांदा पळ काढतोय. शेरीफ राजीनामा का देतो, हा प्रश्न पडलेल्यांना याचं उत्तर पानांतच मिळतं. सिनेमात बेल मॉसच्या मोटेलवर रात्री परत जातो तेव्हा खोलीत दारामागे शिगर होता की नव्हता, हा कोडं घालणारा प्रसंगही कादंबरीत सरळ आहे: तो बाहेर गाडीत बसलेला असतो.

एका ठिकाणी मात्र सिनेमा मूळ पुस्तकाच्या पुढे जातो. शिगर मॉसच्या बायकोकडे, कार्ला जीनकडे येतो आणि नाणं पुढे करतो. कादंबरीत ती रडत-भेकत का होईना, छापा म्हणते आणि हरते. सिनेमात केली मॅकडॉनल्डची कार्ला जीन खेळायलाच नकार देते. निर्णय तुझा आहे, नाण्याचा नाही, असं त्याला तोंडावर सुनावते. पुढे काय झालं ते दाखवत नाहीत. शिगर बाहेर पडतो, पायरीपाशी थांबून बुटांचे तळवे तपासतो, बस. पुस्तकात तिला मारल्याचं सरळ लिहिलंय. सिनेमाची हिंसा उत्तरार्धात अशी पडद्याआड सरकत जाते. मॅकार्थी शेवटपर्यंत सूट देत नाहीत.

कादंबरीची भाषा हा वेगळाच मामला. संवादांना अवतरणचिन्हं नाहीत, स्वल्पविराम जेमतेम, कोण बोलतंय ते ओळखायला कधीकधी वर जाऊन ओळी मोजाव्या लागतात. इंग्रजी वाचायची सवय कमी असेल तर पहिली चाळीसेक पानं दमवतील. नंतर वाक्यं इतकी तुटक आणि सरळ येतात की वेग आपोआप पकडतो. बेलची स्वगतं काहींना कंटाळवाणी वाटतात, आणि ते मी समजू शकतो. पूर्वी शाळेत मास्तरांची तक्रार मुलं च्युइंगगम खातात एवढीच असायची, आता बघा, असा सूर अधूनमधून लागतो. मॅकार्थींच्या जुन्या वाचकांतही ही कादंबरी सगळ्यांना पसंत पडली नव्हती; ‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिकात समीक्षक जेम्स वुड यांनी तिचा समाचारच घेतला होता. सिनेमाने स्वगतं छाटून फायदा करून घेतला, पण त्यांच्याबरोबर बेलही पातळ झाला.

तेव्हा, थरारपटांचे शौकीन असाल तर सिनेमा आधी बघा. काहीही न वाचता, एका बैठकीत. आधी पुस्तक वाचलंत तर पंपाच्या प्रसंगात म्हाताऱ्याचं काय होणार हे माहीत असेल, आणि मग त्या प्रसंगाची अर्धी मजा गेली. खुनी पकडला गेलाच पाहिजे असा हट्ट असेल, किंवा पात्रांच्या मनात काय चाललंय हे कळल्याशिवाय गोष्ट पोचत नसेल, तर कादंबरीपासून सुरुवात करा. हट्ट तिथेही पुरा होणार नाही, पण बेलची सोबत असल्याने शेवट अंगावर येत नाही. रक्त अजिबात सोसवत नसेल तर दोन्ही सोडा.

आणि पूर्वी कधीतरी सिनेमा पाहून वैतागला असाल, तर अख्खी कादंबरी वाचायचीही गरज नाही. बेलची स्वगतं तिरप्या टाइपात वेगळी छापलेली आहेत, तेरा प्रकरणांच्या सुरुवातीला. तेवढीच सलग वाचा, एका संध्याकाळचं काम आहे. बेल काकाला भेटतो ते प्रकरणही वाचा. मग सिनेमा पुन्हा लावा आणि या खेपेला मॉस पडद्यावर असतानाही लक्ष शेरीफवर ठेवा.