दिवा विझवला, बिघाड तसाच ठेवला

जुन्या डिझेल पिकअपच्या ब्रेकच्या कामात मी फसलो. पैसे गेले ते गेले. पण त्या मेकॅनिकने माझ्या गाडीतला धोक्याचा दिवाच काढून ठेवला आणि मी तशी गाडी तीन आठवडे माल भरून चालवली, हे आठवलं की अजून अंगावर काटा येतो. म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

सुरुवात साधीच होती. गाडी स्लोवर उभी असली की मीटरमधला ब्रेकचा लाल दिवा मिणमिणायचा, थोडी रेस दिली की विझायचा. मग पेडल कडक व्हायला लागलं. गर्दीत लागोपाठ दोन-तीनदा ब्रेक मारला की पुढच्या वेळी पाय दगडावर पडल्यासारखा वाटायचा. गाडी थांबायची, पण सीटला पाठ टेकवून जोर लावावा लागायचा.

रेस दिली की दिवा विझतो, यातच अर्धं उत्तर होतं. तेव्हा मला ते कळत नव्हतं.

पेट्रोल इंजिनात थ्रॉटलची झडप हवेची वाट अडवते, त्यामुळे मॅनिफोल्डमध्ये (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांत) आपोआप व्हॅक्यूम, म्हणजे कमी दाबाची पोकळी, तयार होतो आणि ब्रेक बूस्टर, म्हणजे पेडलवरचा पायाचा जोर वाढवणारा गोल डबा, त्यावर चालतो. जुन्या डिझेल इंजिनात ही झडप नसते. म्हणून बूस्टरसाठी वेगळा व्हॅक्यूम पंप लावतात. बऱ्याच गाड्यांत तो अल्टरनेटरच्या (बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राच्या) पाठीला असतो, त्याच शाफ्टवर फिरतो आणि इंजिनचंच ऑइल त्याला मिळतं. काहींत तो बेल्टवर किंवा थेट इंजिनवर असतो. कुठेही असला तरी इंजिन जितकं जोरात फिरेल तितकी जास्त हवा तो ओढतो. पाइपात बारीक गळती असेल तर स्लोवर पंप तिला पुरत नाही, रेस दिली की पुरून उरतो. आणि मीटरमधला तो एकच लाल दिवा बऱ्याचदा दोन-तीन गोष्टींसाठी असतो: हँडब्रेक ओढलेला असणं, ब्रेक ऑइल कमी होणं आणि काही डिझेल गाड्यांत व्हॅक्यूम कमी पडणं. माझ्या गाडीत तो तिन्हींसाठी होता.

हे त्या मेकॅनिकला माहीत नसेल, यावर माझा विश्वास नाही. त्याने बॉनेट उघडलं, ऑइलच्या डबीत डोकावला, पेडलवर एकदा पाय ठेवला आणि म्हणाला, "मास्टर सिलिंडर गेला." (पेडल दाबलं की ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलतो तो भाग.) मी जरा घुटमळलो तर म्हणे, "दादा, ब्रेकशी खेळ नको. घरी माणसं वाट बघतायत ना?" या वाक्यापुढे कोण नाही म्हणणार? मी हो म्हटलं.

मास्टर सिलिंडर आतून गेला की पेडल दाबून धरल्यावर हळूहळू खाली सरकत जातं. लाइनमध्ये हवा शिरली की पेडल स्पंजसारखं दबतं. माझं पेडल कडक होतं. कडक पेडल म्हटलं की आधी बूस्टर आणि त्याला मिळणारा व्हॅक्यूम तपासायचा. नवा सिलिंडर बसला, एअर काढली, आणि दुसऱ्याच दिवशी दिवा पुन्हा मिणमिणला.

मग निदान बदललं. "बूस्टरचा पडदा फाटलाय." गाडी दोन दिवस त्याच्याकडे राहिली. परत मिळाली तेव्हा बॉनेटखाली काळाकुळकुळीत चकचकीत बूस्टर होता आणि दिवा बंद होता. पेडल मात्र चार-पाच दिवसांतच पुन्हा कडक वाटायला लागलं. फोन केला तर म्हणाला, "नवीन पार्ट आहे, बसायला वेळ लागतो." बूस्टरला असं काही 'बसायला' लागत नाही. पहिल्या दिवशी जे करतो तेच तो पुढेही करतो. पण दिवा लागत नव्हता, म्हणून मी स्वतःची समजूत घातली. त्यानंतर त्याने पंपासकट अख्खा अल्टरनेटर बदलायचं काढलं आणि त्यासाठी ॲडव्हान्सही घेतला.

एका संध्याकाळी गाडी लावताना सहज लक्ष गेलं. हँडब्रेक ओढला होता, किल्ली चालू होती, आणि मीटरमध्ये लाल दिवा नव्हता. हँडब्रेक सोडून परत ओढला. काहीच नाही. किल्ली बंद करून पुन्हा फिरवली. ऑइलचा दिवा लागला, चार्जिंगचा लागला, ब्रेकची जागा काळीच राहिली. किल्ली फिरवल्यावर इंजिन चालू होण्याआधी हे दिवे एकदा लागायला हवेत, ते त्यासाठीच असतं. माझ्या पोटात गोळा आला. म्हणजे इतके दिवस ब्रेक ऑइल संपलं असतं तरी मला कळलं नसतं.

दुसऱ्या दिवशी ओळखीतून एका वयस्कर मेकॅनिककाकांकडे गेलो. त्यांनी पाना हातात घेण्याआधी मला सीटवर बसवलं. इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबायला सांगितलं, म्हणजे बूस्टरमध्ये उरलेला व्हॅक्यूम संपतो. मग पेडल दाबून धरायचं आणि इंजिन चालू करायचं. बूस्टर चांगला असेल तर पायाखाली पेडल थोडं खाली जातं. माझं गेलं, पण रेंगाळत. मग रेस देऊन इंजिन बंद केलं, दोन मिनिटं थांबलो आणि पेडल दाबलं. पहिले दोन-तीन दाब मऊ लागायला हवेत. माझा पहिलाच दाब कडक निघाला. पाइपातून व्हॅक्यूम परत जाऊ नये म्हणून बूस्टरच्या तोंडाशी एकदिशा वॉल्व्ह असतो. तो काकांनी काढून तोंडाने फुंकून पाहिला. हवा दोन्ही बाजूंनी जात होती.

मग त्यांनी व्हॅक्यूम गेज लावला. पंपाच्या तोंडाशी स्लोवर काटा २४ इंचांवर स्थिर. बूस्टरच्या टोकाला जेमतेम ११. (हे पाऱ्याचे इंच. समुद्रसपाटीला हवेचा दाबच साधारण ३० इंच असतो, त्यामुळे २४ म्हणजे पंप ठणठणीत.) ज्या पंपासाठी माझ्याकडून ॲडव्हान्स घेतला होता, तो पंप चांगला होता.

काका पाइपावरून हात फिरवत गेले. मधे एक टी-जोड होता. त्याची एक नळी पूर्वी कधीतरी कुणी काढून तोंडाला रबरी टोपी लावली होती, करंगळीच्या पेराएवढी. टोपी उन्हातेलाने चिरली होती. काकांनी चिरेवर अंगठा दाबला आणि गेजचा काटा माझ्या डोळ्यांदेखत २३ वर चढला. अंगठा काढला, खाली आला. तीनदा करून दाखवलं. एक टोपी आणि एक वॉल्व्ह, एवढाच बिघाड होता.

बूस्टर 'नवा' आहे असं मी सांगितलं तेव्हा काकांनी नखाने रंग खरवडला. खाली जुना गंज. रबराच्या कडेवरही स्प्रेचा काळा रंग उडालेला. आणि डाव्या बाजूला माझ्या ओळखीचा पोचा, जॅक निसटून मीच पाडलेला. माझाच बूस्टर रंगवून मला विकला होता! मीटर उघडलं तर ब्रेकच्या दिव्याचा बल्ब होल्डरसकट गायब होता.

असा प्रसंग तुमच्यावर आला तर आधी एक सांगतो. चालत्या गाडीत पेडल अचानक कडक झालं तर ब्रेक गेलेले नसतात, फक्त बूस्टरची मदत गेलेली असते. पेडल पुन्हा पुन्हा मारू नका, उरलासुरला व्हॅक्यूम त्यात संपतो. एकदाच पूर्ण ताकदीने दाबून धरा, गियर खाली घ्या, आणि उतारावर इंजिन बंद करू नका. ऑइलची पातळी कमी दिसली तर नुसतं वरून भरून गप्प बसू नका. पॅड झिजले की पातळी उतरतेच, आणि तसं नसेल तर ऑइल कुठेतरी गळतंय. गाडी कामाला देताना जुन्या पार्टवर न दिसणाऱ्या जागी खूण करा आणि गेजचा आकडा तुमच्यासमोर दाखवायला सांगा. ज्याच्याकडे गेजच नाही, त्याला बूस्टर किंवा पंप बदलू देऊ नका. गाडी परत घेताना किल्ली फिरवून प्रत्येक दिवा लागतो का ते पाहा.

फोटो घेऊन मी पहिल्या मेकॅनिककडे गेलो. बल्बचं विचारल्यावर तो शांतपणे म्हणाला, "दिवा लागतो हीच तुमची तक्रार होती ना? आता लागतो का?" मला शब्दच सुचेनात. खूप वादावादीनंतर पंपाचा ॲडव्हान्स परत मिळाला. बूस्टरचे पैसे मिळाले नाहीत. बिलावर त्याने फक्त 'ब्रेक काम' असं लिहिलं होतं, पार्टचं नाव नाही, नंबर नाही, आणि बिल घेताना मी ते वाचलंसुद्धा नव्हतं.