लिंबची बारा मोटेची विहीर: आधी माथा, मग पायऱ्या

पुण्याहून टेंट, शेगडी, चटया कोंबून कास-बामणोलीकडे निघालेली गाडी आनेवाडीचा टोल झाला की सरळ साताऱ्यात घुसते. वाटेतला लिंब फाटा दोन मिनिटांत मागे पडतो. साताऱ्यापासून ही विहीर साधारण पंधरा किलोमीटर. आत वळलात तर तासभर हाताशी ठेवा. वीस मिनिटांत उरकणारे फक्त फोटो घेऊन जातात.

लोक आल्या आल्या पायऱ्या उतरतात, तिथेच चुकतं. आधी वर काठाकाठाने फिरा. मुख्य विहीर अष्टकोनी, तिला जोडून छोटी विहीर. वरून आकार शिवपिंडीसारखा दिसतो. मग काठावरची थारोळी मोजा, म्हणजे मोटेने (बैलांनी ओढायच्या कातडी पिशवीने) उपसलेलं पाणी जिथे ओततात त्या जागा. नाव बारा मोटेचं आणि थारोळी पंधरा, त्यामुळे पुष्कळजण पुन्हा मोजत बसतात. मोजणी बरोबरच असते: जागा पंधरा, एका वेळी चालायच्या मोटा बारा. मोटेला एकच जोडी धरली तरी चोवीस बैल!

थारोळ्यापाशी उभं राहून मोट डोळ्यांसमोर आणली नाही तर अर्धी विहीर हुकली. कातडी मोटेला दोन दोर. जाड नाडा तोंडाला, बारीक सोल सोंडेला, म्हणजे पाणी बाहेर पडायच्या खालच्या नळीला. बैल धावेवरून, म्हणजे त्यांच्या चालायच्या उतरत्या वाटेवरून, चालले की नाडा वरच्या चाकावरून आणि सोल काठाच्या कण्यावरून (आडव्या फिरत्या रुळावरून), दोन्ही एकदम ओढले जातात. वर येईपर्यंत सोंड दुमडून वर धरलेली, म्हणून पाणी सांडत नाही. मोट काठाच्या वर चढली की सोल सोंडेला थारोळ्यात खेचते, सोंड सरळ होते आणि पाणी भदाभदा पडतं. सोल ढिली राहिली तर सोंड आधीच लोंबते आणि निम्मं पाणी परत विहिरीत. हे कळलं की काठावरचा एकेक दगड तिथे का बसवलाय ते आपोआप उमगतं.

आता खाली उतरा. वीरूबाई भोसले यांनी शके १६४१ ते १६४६, म्हणजे इ.स. १७१९ ते १७२४ या काळात ही विहीर बांधून घेतली. काळ शाहू महाराजांचा, पाणी आमराईसाठी. खोली सुमारे ११० फूट, व्यास ५० फूट. दोन विहिरींच्या मधोमध, भिंतींच्या आत, चक्क महाल आहे. खांबांवर गणपती, मारुती, हत्ती, फुलं कोरलेली. हे सगळं अंधारात असल्याने मोबाइलचा फ्लॅश सगळं सपाट करून टाकतो. विजेरी बाजूने तिरकी धरा, कोरीवकाम उठून येतं. महालातून वर जाणारा जिना अरुंद आहे, पाठीवरची मोठी सॅक गाडीतच ठेवा. विहिरीच्या भिंतीतली शरभशिल्पं (शरभ म्हणजे सिंहासारखा काल्पनिक प्राणी) बघायची विसरू नका, महालाच्या नादात ती राहून जातात.

पावसाळ्यात पायऱ्यांवर शेवाळ धरतं, गुळगुळीत तळाच्या चपलेने उतरू नये. पाणी चढलेलं असलं की खोलीचा अंदाजही येत नाही. उन्हाळ्याच्या तोंडाला बांधकाम जास्त उघडं दिसतं. लहान मुलं असतील तर काठावर हात सोडायचा नाही. आणि पोहायचं अजिबात नाही, कितीही उकडलं तरी.

शेवटचा रस्ता शेतातून जातो. ऊसतोडीच्या दिवसांत समोरून ट्रॉली आली तर मागे घ्यावं तुम्हालाच लागणार. टपावर कॅरिअर बांधलेली मोठी गाडी गावातच लावून चालत गेलेलं बरं. विहिरीच्या काठावर चूल, पार्टी, मुक्काम नको; भोवती लोकांची शेती आहे.

मुक्काम बामणोलीच्या बाजूला, कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाच्या काठी रीतसर कॅम्पवर करा. कासच्या पठारावर तंबू ठोकायचा विचारही नको. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या फुलांच्या हंगामात कासचं बुकिंग आधी बघून घ्या, आणि लिंबहून दुपारच्या आत निघा म्हणजे उजेडात तंबू उभा राहील. कंदी पेढे साताऱ्यात घ्या, पुढे दुकानं विरळ होत जातात.