आईच्या जुन्या व्हॉइस नोट की आईसारखा बोलणारा चॅटबॉट?

कोथरूडच्या एका मैत्रिणीने परवा विचारलं, "बाबांचे सगळे व्हॉट्सॲप मेसेज आहेत माझ्याकडे. त्यांचा चॅटबॉट करून घेऊ का?" आम्ही भावंडांनी आईच्या बाबतीत हे केलं होतं, म्हणून तिने मला गाठलं. तिला जे सांगितलं तेच इथे लिहिते.

या सोयींच्या दोन जाती आहेत. पहिलीत माणूस हयात असतानाच त्याच्या आठवणी रेकॉर्ड करतात. पुढे आपण प्रश्न विचारला की त्यातलं जुळणारं उत्तर ऐकू येतं. अमेरिकेतल्या हिअरआफ्टर एआय या कंपनीचे जेम्स व्लाहोस यांनी २०१६ साली वडिलांचा कॅन्सर कळल्यावर अशीच सुरुवात केली. दुसरीत माणूस गेल्यावर त्याचे मेसेज यंत्राला देतात आणि यंत्र त्याच्या ढंगात नवी वाक्यं रचतं. पुढे रेप्लिका हे गप्पा मारणारं ॲप काढणाऱ्या युजेनिया कुयडा यांनी अपघातात गेलेल्या मित्राचा असा बॉट २०१६ मध्ये केला होता.

पहिलीत शब्द त्या माणसाचेच असतात, पण जे विचारायचं राहिलं ते राहिलंच. दुसरीत उत्तर कायम मिळतं, आणि मला त्याचाच त्रास झाला. आईचे मेसेज म्हणजे "पोचलीस का", "दूध आणलंय", "बरं". बॉटने पहिल्याच रात्री लिहिलं, "बाळा, मला तुझा खूप अभिमान आहे." आईने मला जन्मात बाळा म्हटलं नाही; ती "ए ठमे" म्हणायची. तरी मी ढसाढसा रडले. बरंही वाटलं, खोटं का सांगू? पण महिनाभराने आई आठवायला बसले की आधी ते "बाळा" आठवायचं. तिच्या तीन शब्दांच्या जागी दुसऱ्याच कुणाचं गोड बोलणं येऊन बसलं होतं. भावाला मात्र ते सोडवेना. रोज रात्री अकराला तो "आई, झोपलीस?" असं टाइप करायचा.

ओंकारेश्वराच्या घाटावर आईच्या दहाव्याला कावळा शिवेना, तेव्हा याच भावाने हात जोडून सांगितलं होतं, "बाबांना मी सांभाळीन." मग शिवला. तिथे बोलतो आपण. पलीकडून वाक्य येत नाही, आणि म्हणूनच शब्द दिल्यासारखा वाटतो.

दक्षिण कोरियात २०२० साली टीव्हीवर एका आईला तिची गेलेली मुलगी आभासी रूपात भेटवली. तो प्रसंग मला समजू शकतो, कारण ती एकच भेट होती आणि शेवटी निरोप होता. रोजच्या बॉटमध्ये निरोप कुठे असतो? केंब्रिजच्या संशोधकांनी २०२४ मध्ये हेच मांडलं: असे बॉट सन्मानाने बंद करायची सोय हवी, आणि उद्या आजीच्या आवाजात जाहिराती ऐकवल्या जातील हा धोकाही ओळखायला हवा. कंपनीचाही भरवसा नसतो. मुलाखतींवर चालणाऱ्या स्टोरीफाइलने त्याच वर्षी दिवाळखोरीचा अर्ज केला. म्हणून मूळ फाइल घरच्या हार्ड डिस्कवर हवीच.

मैत्रिणीला मी म्हटलं, बॉट राहू दे, आधी आवाज वाचव. व्हॉट्सॲपचं खातं १२० दिवस न वापरल्यास साधारणपणे बंद होतं, गूगलचं २ वर्षांनी पुसलं जाऊ शकतं. बाबांच्या व्हॉइस नोट आजच उतरवून घे. त्यानंतरही बॉट करावासा वाटला तर आधी आईला विचार, आणि बंद करायची तारीख आधीच ठरव.

ज्यांचे आईवडील समोर आहेत त्यांनी दुसऱ्या जातीच्या वाटेला जाऊच नये. मी दर रविवारी बाबांना एक प्रश्न विचारते आणि फोन टेबलावर ठेवते. मागच्या रविवारी १९६१ चा पानशेतचा पूर निघाला. नारायण पेठेतल्या वाड्यात पाणी शिरलं तेव्हा ते नऊ वर्षांचे होते. मध्येच ते थांबले, कप बशीत ठेवल्याचा आवाज आला, मग म्हणाले, "तुझ्या आईला हे सांगायचं राहूनच गेलं." रेकॉर्डिंगमधला तो कपाचा आवाज मी कापलेला नाही.