डीव्हीडी रेकॉर्डर डिस्क बनवायला नव्हे, चित्र सरळ करायला घ्या

डीव्हीडी रेकॉर्डरमध्ये फायनलाइज होताना (डिस्क इतर प्लेअरवर चालावी म्हणून शेवटी पूर्ण करताना) आणखी एक डिस्क अडकली, म्हणून काही महिन्यांच्या वापरानंतर हे लिहितोय. जुन्या व्हीएचएस कॅसेट उतरवायला व्हीसीआर जोडा, रेकॉर्ड दाबा, डिस्क तयार, या आशेवर कोणी हे मशीन घेणार असेल तर थांबा. ई-१८० कॅसेट ३ तासांची, ४.७ जीबी डिस्कवर एसपी (नेहमीच्या दर्जाच्या) मोडमध्ये मावतात २ तास. एलपी (जास्त वेळ मावणारा मोड) लावलं की बरीच मशीन ३५२×५७६ पिक्सेलवर उतरतात आणि चेहरे धुरकट होतात. फायनलाइज अडकलं तर डिस्क फेकू नका, फॉरमॅट तर मुळीच करू नका. लेन्स साफ करून त्याच मशीनमध्ये पुन्हा घाला. नाहीच जमलं तर कॉम्प्युटरवर आयसोबस्टर या डिस्क वाचवणाऱ्या प्रोग्रामने आतला व्हिडिओ बहुतेकदा निघतो.

एवढा राग असूनही मशीन विकणार नाही. कारण एकच, आतला लाइन टीबीसी (टाइम बेस करेक्टर, म्हणजे चित्राच्या ओळींची वेळ दुरुस्त करणारा भाग).

जुन्या टेपमध्ये प्रत्येक ओळ किंचित मागेपुढे सुरू होते. ट्यूबचा टीव्ही ते सांभाळून घ्यायचा, कॅप्चर कार्ड (व्हिडिओ कॉम्प्युटरमध्ये घेणारं उपकरण) घेत नाही. म्हणून दाराची चौकट लाटेसारखी हलते आणि चित्राचा वरचा भाग एका बाजूला वाकतो. वाकणं वरच जास्त दिसतं, कारण व्हीसीआरमधला टेप वाचणारा हेड बदलतो तो चित्राच्या अगदी तळाशी आणि त्या धक्क्यातून सावरण्यात पुढच्या फील्डच्या (फ्रेमच्या एकाआड एक ओळींच्या अर्ध्या भागाच्या) पहिल्या ओळी जातात. टीबीसी प्रत्येक ओळ मेमरीत घेऊन ठरल्या वेळी सोडतो. तीच चौकट सरळ उभी राहते. सगळ्या रेकॉर्डरमध्ये हे नसतं. पॅनासॉनिकचे डीएमआर-ईएस१० आणि ईएस१५ याच गुणासाठी शोधले जातात.

जोडणी अशी: व्हीसीआरमधून रेकॉर्डरच्या लाइन-इनला, तिथून एस-व्हिडिओने (उजेड आणि रंग वेगळे नेणाऱ्या केबलने) यूएसबी कॅप्चर कार्डाला. डिस्क घालायची गरज नाही. साध्या व्हीसीआरला फक्त कंपोझिट आउट (सगळं चित्र एकाच तारेतून) असतं, तरी रेकॉर्डरमधून बाहेर पडताना एस-व्हिडिओच वापरा. रेकॉर्डरच्या मेन्यूतलं लाइन-इन एनआर (नॉइज रिडक्शन) बंद करा, नाहीतर त्वचा मेणासारखी गुळगुळीत होते.

कॉम्प्युटरवर व्हर्च्युअलडब या कॅप्चर प्रोग्राममध्ये ७२०×५७६, सेकंदाला २५ फ्रेम, हफीयूव्ही (दर्जा न घालवता साठवणारा कोडेक) ठेवा. तासाला साधारण ३० ते ४० जीबी लागतात, तेवढी जागा आधीच मोकळी करा. आवाज त्याच यूएसबी कार्डातून घ्या. वेगळ्या साउंड कार्डातून घेतला तर कॅसेट संपेपर्यंत ओठ आणि शब्द जुळत नाहीत. डीव्हीडीसाठी डीइंटरलेस करू नका (दोन फील्ड एकत्र करून अखंड फ्रेम बनवू नका). हलणारा हात पुढेमागे थरथरला तर फील्डचा क्रम उलटा आहे. तळाच्या फाटक्या ओळी कापून चित्र ताणू नका, काळ्या पट्टीने झाका.

कॅसेट लावण्याआधी एकदा पूर्ण पुढे, मग पूर्ण मागे गुंडाळा. खिडकीतून टेपवर पांढरी बुरशी दिसली तर ती व्हीसीआरमध्ये घालूच नका, हेडवरून पुढच्या कॅसेटला लागते.

सेकंडहँड घेताना ट्रे किंवा बर्नर बिघडलेला असला तरी चालेल, स्वस्तात मिळेल. मात्र काही मशीन ड्राइव्ह मेला की एरर दाखवून सुरूच होत नाहीत, म्हणून लाइन-इनचं चित्र टीव्हीवर दिसल्याशिवाय पैसे देऊ नका.