जन्मसालाचा जुना रेझर शोधताय? दुकानदाराला साल सांगू नका

जुने सेफ्टी रेझर शोधणारे आपल्याकडे आता बरेच झालेत, कुणाला रोजच्या दाढीला हवा असतो, कुणाला नुसता शोकेसमध्ये ठेवायला, आणि त्यातल्या निम्म्या लोकांना हवा असतो तो स्वतःच्या नाहीतर वडिलांच्या जन्मसालाचा पीस. मला ज्याने गंडवलं त्याने ह्याच हौसेवर गंडवलं म्हणून सविस्तर लिहितोय, लांबलंय, पण पैसे मोजायच्या आधी एकदा वाचाच.

आधी साल कसं कळतं ते सांगतो. अमेरिकेत बनलेल्या जिलेटच्या रेझरवर पन्नाशीच्या दशकापासून हेडच्या खालच्या बाजूला एक इंग्रजी अक्षर आणि एक आकडा ठोकलेला असतो. अक्षर म्हणजे वर्ष आणि आकडा म्हणजे तिमाही. १९५१ ला डब्ल्यू, मग एक्स, वाय, ५४ ला झेड, आणि ५५ पासून परत ए. म्हणजे ५८ ला डी, ५९ ला ई, ६० ला एफ, ६१ ला जी, असं पुढे. एफ-२ दिसलं की तो १९६० च्या एप्रिल ते जूनमधला. हा तक्ता नेटवर कुठेही मिळतो, तुम्हाला मिळतो तसा दुकानदारालाही मिळतो, आणि सगळी गोम इथंच आहे.

आमचा मामा मे १९६० चा. मला दाढी करायला त्यानेच शिकवलं, तेही साध्या डबल एज (दोन्ही बाजूंना धार असलेल्या पात्याच्या) रेझरने, त्यामुळे त्याला एफ-२ वाला ऍडजस्टेबल द्यायचा असं डोक्यात बसलं होतं. ऍडजस्टेबल म्हणजे ज्याला मानेखाली १ ते ९ आकड्यांची चकती असते, ती फिरवली की पातं कमीजास्त उघडं पडतं, १ वर एकदम सौम्य आणि ९ वर खरवडून काढतं. पुण्याच्या जुन्या बाजारात असलं काही सहसा दिसत नाही, तिथे इंग्लंडचे टेक (जिलेटचेच साधे, चकती नसलेले तीन तुकड्यांचे रेझर) आणि आपल्याकडचे प्लास्टिकच्या दांड्याचे जास्त, म्हणून मुंबईला चोर बाजारच्या आसपास फिरणं सुरू केलं. शुक्रवारी जाऊ नका हा वेगळा सल्ला, त्या दिवशी रस्त्यावर बाजार भरतो पण अँटिकची पक्की दुकानं बहुतेक बंद असतात.

तर एका गल्लीतल्या एका गाळ्यात (नाव लिहीत नाही) माणूस फार गोड. चहा मागवला, काचेच्या कपाटातून गंजलेले दोन-तीन टेक काढून दाखवले, मी नको म्हटल्यावर विचारलं, नेमकं काय पाहिजे साहेब? मी सांगितलं, जिलेटचा ऍडजस्टेबल, साठ सालचा, दुसऱ्या तिमाहीचा मिळाला तर सोन्याहून पिवळं. त्याने डायरीत लिहून घेतलं, नंबर घेतला, आणि म्हणाला, "आप का नसीब होगा तो आयेगा." नशीब आठवड्याभरातच आलं. व्हॉट्सॅपवर फोटो, खाली मेसेज, "१९६० ओरिजिनल, एफ २, गॅरंटी." हा मेसेज लक्षात ठेवा, पुढे कामाला आला.

दुकानात गेलो तर रेझर भांड्याच्या दुकानातल्या नव्या ताटासारखा लखलखत होता. एवढा चकाचक कसा विचारलं तर म्हणे एका पारशी बाईच्या घरचा माल आहे, तिच्या नवऱ्याने कधी वापरलाच नाही. आणि दोन मिनिटांनी, "सर्विस करवाया है, पूरा पॉलिश." अहो वापरलाच नाही तर सर्व्हिस कशाची केली? बाय द वे ही पारशी बाई चोर बाजारात सगळीकडे भेटते, गल्लीतलं प्रत्येक घड्याळ, झुंबर आणि ग्रामोफोन तिच्याच घरून आलेला असतो. घड्याळजी डोळ्याला लावतात तसलं भिंग त्याने स्वतः काढून दिलं आणि कोड दाखवला, एफ आणि २, स्वच्छ, कोरा करकरीत. मी खिशातलं पातं लावून बघायला गेलो तर हात धरला, "ब्लेड मत लगाओ साहब, कट गया तो मेरी जिम्मेदारी." नऊ हजारांपासून सुरू झालं, घासाघीस करून साडेसातला तुटलं. पैसे क्यूआर कोडवर, त्यावर नाव भलत्याच कुणाचं तरी, आणि बिल म्हणून गुलाबी चिठ्ठी, त्यावर "ओल्ड शेव्हिंग मशीन, १ नग". बस.

आता घरी काय निघालं ते नीट सांगतो, कारण हेच तुम्हाला दुकानात उभं राहून बघायचंय.

मोबाइलचा टॉर्च समोरून न मारता अगदी आडवा, हेडखालच्या पट्टीला समांतर धरला. एफ आणि २ च्या खाचेच्या तळाशी पिवळं दिसलं, पितळेचं पिवळं. बाजूचं 'जिलेट' आणि 'मेड इन यूएसए' हे शब्द मात्र आतपर्यंत पांढरे. का? कारखान्यात ठसा आधी मारतात आणि मुलामा नंतर चढवतात, त्यामुळे मुलामा अक्षराच्या खाचेतही उतरतो. इथे आधी मुलामा चढवला आणि नंतर हातोडीने पंच मारला, त्यामुळे तेवढ्याच अक्षरांत तो फाटून खालचं पितळ उघडं पडलं. बोटाचं नख फिरवलं तर नव्या अक्षरांच्या कडा टोचत होत्या, जुन्या अक्षरांच्या कडा गोल, कारण बफिंगमध्ये त्या झिजल्या. आणि सगळ्यात भारी म्हणजे एफच्या अंगाखाली तिरप्या उजेडात दुसऱ्या एका अक्षराची पुसट तिरकी रेघ दिसते, के असावं. के म्हणजे १९६५. मामाचं वय पाच वर्षांनी कमी झालं म्हणायचं.

पण ह्या सगळ्याची गरजच नव्हती, कारण तो रेझर १९६० चा असूच शकत नव्हता. जिलेटचा पहिला ऍडजस्टेबल ज्याला सगळे फॅटबॉय म्हणतात तो १९५८ ते ६१, जाडजूड दांडा, वजन पाऊणशे ग्रॅमच्या वर. त्यानंतर आला स्लिम, १९६१ पासून ते साठीच्या दशकाच्या अखेरपर्यंत, दांडा बारीक आणि वजन दहाएक ग्रॅमने कमी. मला विकला तो स्लिम. स्लिमवर एफ म्हणजे लग्नाआधीच बारसं. कोडचा तक्ता सगळे पाठ करतात, मॉडेल कुठल्या वर्षांत बनत होतं हे फारसं कुणी बघत नाही, आणि ठोकणाऱ्यानेही बघितलं नव्हतं. दोन्ही जुळवून बघा, बहुतेक बनावट माल इथेच गळून पडतो, त्याला भिंगही लागत नाही.

ओळखीच्या एका प्लेटिंगवाल्याला दाखवला तर त्याने हातात घेतल्या घेतल्या सांगितलं, हे निकेल नाही, क्रोम आहे. मूळ स्लिमवर निकेल असतं. निकेलचा रंग किंचित पिवळसर, उबदार, क्रोमला निळसर थंड झाक असते, एखादा मूळ पीस शेजारी ठेवला की लगेच कळतं. त्याचं म्हणणं, रेझर सुटा न करता अख्खाच बुडवलाय, आत स्प्रिंग आहे, तिथे केमिकल अडकलं, म्हणून खालची खुंटी फिरवली की पात्यावरची दोन दारं करकरत उघडतात आणि मिटताना एक बाजू जरा वर राहते. मग पातं लावून बघितलं, १ वर ठेवा नाहीतर ९ वर, फट तेवढीच, चकती नुसती शोभेला फिरते. दुकानात पातं का लावू दिलं नाही ते आता कळलं. पातं लावून, १ आणि ९ वर दोन्ही बाजूंची फट उजेडाकडे धरून बघू देत नसेल तर तिथून सरळ निघा, चहा प्यायलात तरी निघा.

परत गेलो तर तोच माणूस, पण चहा नाही. "ऍन्टिक में गॅरंटी नहीं होती साहब." मी बिल काढलं तर म्हणे इसमें कहाँ लिखा है साठ का? खरंच नव्हतं लिहिलेलं. बदल्यात दुसरं काहीतरी घेऊन जा म्हणाला आणि पितळेचं एक होकायंत्र पुढे केलं, ईस्ट इंडिया कंपनी कोरलेलं. असली पितळी होकायंत्रं आणि दुर्बिणी आजही रुरकीला नव्या बनतात, शोभेच्या वस्तू म्हणून चांगल्या असतात, त्यात काही गैर नाही, गैर तेव्हा होतं जेव्हा त्यांना काळा लेप देऊन 'जहाजातून काढलेलं' म्हणून खपवतात. त्याच गल्लीत पुढे एका पथारीवर ईस्ट इंडिया कंपनीचा ठसा असलेला डबल एज रेझरसुद्धा बघितला! कंपनी १८७४ मध्ये बरखास्त झाली आणि जिलेट कंपनीच्या संस्थापकाला, किंग जिलेटला, त्याच्या रेझरचं पेटंट मिळालं १९०४ मध्ये. तीस वर्षं आधी मेलेल्या कंपनीने दाढी कशी केली देव जाणे.

पैशाचं पुढे असं झालं. १९१५ ह्या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, तिचा नंबर आणि त्याच्याच मेसेजचा स्क्रीनशॉट त्याला पाठवला आणि लिहिलं की पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते, मुंबईला खेपा घालाव्या लागत नाहीत, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फीसुद्धा नाही. ह्यातलं त्याला किती समजलं माहीत नाही पण "गॅरंटी" हा स्वतःचाच शब्द बघून नरमला. चार हजार परत आले, रेझर माझ्याकडेच राहिला. उरलेले साडेतीन हजार गेले ते गेले. नुसत्या गुलाबी चिठ्ठीवर एक रुपया आला नसता, त्यामुळे समोर बसून ठरलं तरी घरी येऊन व्हॉट्सॅपवर विचारा की हे अमुक मॉडेल, अमुक सालचं, मूळ मुलाम्याचंच ना? लेखी 'हो' येऊ द्या, मग पैसे पाठवा. आणि बिलावर मॉडेल, साल, कोड लिहायला लावा. खरा माल असेल तो खळखळ न करता लिहून देतो, असे लोक आहेत त्याच बाजारात, मी नंतर त्यांच्याकडूनच घेतलंय.

ह्या भानगडीनंतर जरा जास्तच बारकाईने बघायला लागलो तेव्हा आणखी काही प्रकार दिसले. 'गोल्ड प्लेटेड' म्हणून जे विकतात त्यातले कित्येक नुसतं घासलेलं पितळ आणि वर लॅकर, म्हणजे पारदर्शक थर. जिलेटने सोन्याच्या मुलाम्याचे रेझर खरंच बनवले होते पण तो मुलामा पातळ, इतक्या वर्षांत कुठेतरी उडालेला असतोच, आणि जो सगळीकडून सारखा सोनेरी आहे त्याला लॅकर झिजलंय तिथे कोमट अंगठ्याने जोरात चोळा आणि वास घ्या. पितळेचा तो ओळखीचा वास आला की समजा. असला रेझर गरम पाण्यात चार दाढ्या झाल्या की काळवंडायला लागतो.

तीन तुकड्यांच्या जुन्या रेझरमध्ये हेड एकाचं, दांडा दुसऱ्याचा हे तर सर्रास. वापरायला अडचण नाही, पण भाव पूर्ण सेटचा घेतात. दोन्हींचा मुलामा शेजारी धरून बघा, झीज सारखी हवी. दांड्याच्या पोकळ नळीला कधी कधी बारीक उभी चीर असते, नळीवर नख फिरवा, चीर असली की हेड घट्ट बसत नाही आणि पातं हलतं, पातं हललं की गाल गेला. कंगव्यासारखे दात असलेल्या हेडमध्ये एखादा दात तुटलेला असतो आणि बाकीचे घासून त्याच्या लेव्हलला आणलेले असतात, हेड काचेवर उलटं ठेवलं की कळतं. आणि मुलाम्यावर बारीक फोड किंवा पांढरट पावडर दिसली तर आत पितळ नाही, जस्ताचा मिश्रधातू आहे, तो आतून खचतो, त्याला परत मुलामा देऊन काही उपयोग नाही. लोहचुंबक घेऊन जाणारे जातात, पण पितळ आणि जस्त दोन्हींना चुंबक चिकटत नाही, त्यामुळे त्यात फक्त लोखंड पकडलं जातं, बाकी नाही. चांगला जुना निकेलचा पीस मिळालाच तर घरी आणून पितांबरीने घासू नका एवढं मात्र ऐका, साबणाचं पाणी आणि जुना टूथब्रश पुरतो.

मामाला शेवटी कोड न जुळणारा पण अस्सल फॅटबॉय दिला, ई-४. तो खूश आहे, पातं सेव्हन ओ'क्लॉकचं पिवळं लावतो आणि चकती ५ वर.

आणि त्या दुकानाचं म्हणाल तर माझ्या एका मित्राला राहवलं नाही. तो गेला, चहा प्याला, आणि सांगून आला की वडिलांसाठी जिलेटचा ऍडजस्टेबलच पाहिजे, पण १९५४ चा. ५४ साली जिलेटचा ऍडजस्टेबल दुकानात आलाच नव्हता. डायरीत नोंद झाली, आणि थोड्याच दिवसांत फोटो आला, "झेड १, ओरिजिनल, पारसी घर का माल." भाव मात्र आता साडेअकरा सांगतोय.